मेथीचा पाला आणि मेथीचा दाणा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मेथी हे महिनाभराचे पीक आहे. नीरा डावा कालवा आणि उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी यांवर पोसलेल्या इथल्या बागायतीत ऊस मुख्य. नव्या लागणीचा ऊस उंच होऊन सरी झाकेपर्यंत मधल्या जागेत मेथी-कोथिंबीर घेतली जाते, किंवा दोन पिकांच्या मध्ये रिकाम्या पडलेल्या वाफ्यात बी फोकले जाते. पंचवीस ते तीस दिवसांत, फुलकळी दिसायच्या आत, मेथी मुळासकट उपटतात, जुड्या बांधतात आणि जवळच्या बाजारात किंवा पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पाठवतात. भाव शेकडा जुड्यांवर ठरतो. भाव पडला की उपटणीची मजुरीही निघत नाही आणि उभ्या मेथीत जनावरे सोडावी लागतात. दाणा मात्र इथे पिकत नाही म्हटले तरी चालेल. किराणा दुकानातल्या मेथ्या राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून येतात.

एकाच घरात अशा दोन मेथ्या नांदतात: शेतातली भाजी आणि डब्यातला दाणा. वनस्पती एकच असली तरी त्यांची रासायनिक घडण वेगळी आणि शरीरावरचा परिणामही वेगळा. मेथीच्या औषधी गुणांविषयी जो गोंधळ ऐकू येतो, त्याचा मोठा भाग या दोहोंना एकच समजण्यातून आला आहे. ‘मेथी साखर कमी करते’ हे विधान अर्धवट आहे. मेथीचा कोणता भाग, किती प्रमाणात आणि कोणत्या रूपात, एवढे सांगितल्याशिवाय त्याला वैद्यकीय अर्थ येत नाही.

वनस्पतिशास्त्रात मेथी शेंगवर्गात मोडते. हरभरा, भुईमूग, गवार, लसूणघास ही तिची भावंडे, आणि हे नाते पुढे पथ्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते. मेथीच्या मुळांवर गाठी येतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत स्थिर करतात. हेच जिवाणू लसूणघासाच्या मुळांवरही राहतात. दुभत्या जनावरांसाठी लसूणघास करणाऱ्या या पट्ट्यात मेथी सहज रुजते, त्यामागे हेही एक कारण असावे. बाजारात वाळवून मिळणारी कसुरी मेथी ही मेथीचीच जवळची पण वेगळी जात आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत उगवणारी ‘समुद्र मेथी’ मात्र साध्या मेथीचेच कोवळे रोप असते.

दाण्याची घडण आधी पाहावी. त्यात सुमारे चतुर्थांश प्रथिने, सहा-सात टक्के स्निग्धांश आणि जवळपास निम्मा भाग तंतुमय पदार्थ असतो. या तंतूंपैकी मोठा वाटा पाण्यात विरघळणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाचा आहे, त्याला गॅलॅक्टोमॅनन म्हणतात. तो दाण्याच्या टरफलाखालच्या थरात साठलेला असतो. भिजवलेली मेथी बोटांना बुळबुळीत लागते ती याच्यामुळे. गवारीच्या बियांपासून निघणारा आणि उद्योगात मोठी मागणी असलेला डिंकही याच जातीचा आहे. फरक साखळीतल्या दोन साखरांच्या प्रमाणात आहे. गवारीत मॅनोजच्या दोन कणांमागे गॅलॅक्टोजचा एक कण, तर मेथीत जवळपास एकास एक. गॅलॅक्टोज जास्त असल्यामुळे मेथीचा डिंक पाण्यात अधिक सहज मिसळतो.

मेथीच्या औषधी गुणांचा सर्वांत भक्कम पुरावा या डिंकाविषयी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात वाचण्यासारखा आहे, कारण त्यात प्रश्न नेमका विचारला होता. निरोगी व्यक्तींना ग्लुकोजसोबत मेथीची वेगवेगळी रूपे दिली: अख्खे दाणे, स्निग्धांश काढलेले दाणे, नुसता वेगळा काढलेला डिंक, शिजवलेले दाणे, डिंक काढून टाकलेले दाणे आणि शिजवलेली भाजी. रक्तातल्या साखरेची चढण अख्ख्या दाण्यांनी सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाली. नुसत्या डिंकाने, स्निग्धांश काढलेल्या दाण्यांनी आणि शिजवलेल्या दाण्यांनी ती ३५ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान घटली. डिंक काढलेल्या दाण्यांचा आणि शिजवलेल्या भाजीचा परिणाम नगण्य होता.

या एका प्रयोगाने दोन गोष्टी स्पष्ट होतात. जेवणानंतर चढणारी साखर रोखण्याचे काम मुख्यतः डिंक करतो. जठरात तो फुगतो, घट्ट होतो, जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, आणि लहान आतड्याच्या भिंतीपर्यंत ग्लुकोज संथपणे पोहोचते. हे काम पोटात घडते, रक्तात नव्हे. त्यामुळे डिंक पोटात त्याच जेवणाबरोबर, पुरेशा प्रमाणात असावा लागतो. दुसरी गोष्ट इथल्या मळ्यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची: जिची जुडी बांधून विकली जाते त्या भाजीत हा गुण नाही. मधुमेह आहे म्हणून रोज मेथीची भाजी खाणाऱ्याला उत्तम भाजी मिळते, औषध मिळत नाही.

त्याच संस्थेने पुढे १९९० साली इन्सुलिनवर असलेल्या मधुमेहींना दहा दिवस रोज १०० ग्रॅम, स्निग्धांश काढलेले मेथीचे पीठ दोन जेवणांत विभागून दिले. उपाशीपोटीची साखर उतरली आणि चोवीस तासांत लघवीवाटे जाणारे ग्लुकोज ५४ टक्क्यांनी घटले. एकूण कोलेस्टेरॉल आणि त्यातला घातक भागही कमी झाला. शंभर ग्रॅम ही मात्रा रोजच्या आयुष्यात पाळण्यासारखी नाही, म्हणून नंतर २५ ग्रॅमच्या आसपासच्या मात्रेवर काम झाले. २०१४ साली दहा चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात उपाशीपोटीची साखर सरासरी १७ मिलिग्रॅमने आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी सुमारे ०.८५ ने कमी झाल्याचे दिसले. घट अर्थपूर्ण होती ती मधुमेहींमध्ये आणि रोज ५ ग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्यांत. यांतल्या बऱ्याच चाचण्या लहान आणि रचनेत सैल आहेत. मेथीचा वास आणि कडवटपणा लपत नसल्याने कोणाला खरी मेथी दिली आणि कोणाला नाही हे झाकून ठेवणेही अवघड जाते. तरी सगळ्यांचा कल एकाच दिशेला आहे, आणि हा पुरावा नाकारण्यासारखा नाही.

२०१५ साली प्रसिद्ध झालेली आणखी एक भारतीय चाचणी अधिक बोलकी आहे, कारण ती तीन वर्षे चालली. साखर वाढू लागलेल्या पण अजून मधुमेह न झालेल्या १४० जणांपैकी एका गटाने दिवसातून दोनदा जेवणाआधी पाच-पाच ग्रॅम मेथीची पूड घेतली. न घेणाऱ्या गटात मधुमेह होण्याची शक्यता ४.२ पट जास्त आढळली. रोज दहा ग्रॅम, तीही पूड, तीही जेवणाआधी आणि तीन वर्षे न चुकता, ही या निष्कर्षाची अट आहे.

ही अट बाजूला ठेवून मेथीचा प्रचार होतो, यावर इथे आक्षेप आहे. सर्वांत लोकप्रिय झालेला प्रकार म्हणजे मेथ्यांचे पाणी: रात्री अर्धा चमचा दाणे भांड्यात भिजवायचे, सकाळी पाणी प्यायचे, दाणे टाकून द्यायचे किंवा झाडाला घालायचे. चहाचा सपाट चमचाभर दाणा सुमारे पावणेचार ग्रॅम भरतो, म्हणजे अर्ध्या चमच्यात दोन ग्रॅमही नाहीत. त्या पाण्यात कडवटपणा उतरतो, पाण्यात सहज विरघळणारी काही द्रव्ये उतरतात, पण डिंकाचा बहुतांश भाग फुगलेल्या दाण्यातच राहतो. जे फेकले जाते तेच कामाचे असते. सकाळी सहाला प्यायलेल्या पाण्याचा दुपारी बाराच्या जेवणातल्या साखरेशी फारसा संबंधही उरत नाही. भिजवलेले दाणे चावून खाणे, किंवा दाणे भरडून ते पीठ भाकरी-चपातीच्या पिठात मिसळणे, हे पुराव्याला धरून आहे. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत मेथ्यांचे पीठ घातले तर कडवटपणा बराच झाकला जातो. मात्र पहिल्याच दिवशी दोन-तीन चमचे घेतले तर पोट फुगते, जुलाबही होतात. मात्रा हळूहळू वाढवावी आणि सोबत पाणी भरपूर प्यावे.

डिंकाखेरीज दाण्यात आणखी काही द्रव्ये आहेत ज्यांच्याविषयी संशोधकांना कुतूहल वाटते. ४-हायड्रॉक्सिआयसोल्युसीन हे त्यांतले पहिले. हे प्रथिने न बनवणारे अमिनो आम्ल दाण्याच्या वजनाच्या साधारण अर्धा टक्का असते. फ्रान्समधल्या माँपेलिए येथील संशोधकांनी १९९८ साली दाखवले की उंदराच्या आणि माणसाच्या स्वादुपिंडातून वेगळ्या काढलेल्या पेशीपुंजांत हे द्रव्य इन्सुलिनचा स्राव वाढवते, आणि तेही भोवती साखर जास्त असतानाच. साखर कमी असताना ते गप्प राहते. औषधशास्त्राच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे, कारण मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्यांचा धोकाच असा की त्या साखर कमी असतानाही इन्सुलिन सोडायला लावतात. परंतु प्रयोगशाळेतल्या पेशींना दिलेली मात्रा चमचाभर मेथ्यांतून माणसाच्या रक्तात पोहोचते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावरचा मानवी पुरावा अजून तोकडा आहे.

ट्रायगोनेलिन हे अल्कलॉइड १८८५ साली यान्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मेथीतूनच पहिल्यांदा वेगळे केले. कच्च्या कॉफीच्या बियांतही ते भरपूर असते आणि भाजताना त्यातून नायसिन हे जीवनसत्त्व तयार होते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते साखर कमी करते, मज्जातंतूंचे रक्षण करते असे दिसले आहे. माणसांवरचे काम अगदी थोडे आहे.

डायोस्जेनिनविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. मेथीतल्या सॅपोनिनांपासून मिळणारे हे द्रव्य रचनेने मानवी संप्रेरकांसारखे आहे. १९४० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानटी कंदातल्या डायोस्जेनिनपासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन बनवले आणि पुढे गर्भनिरोधक गोळ्यांचा उद्योग त्यावर उभा राहिला. तेव्हापासून ‘मेथी खाल्ली की शरीरात संप्रेरके तयार होतात’ ही समजूत पसरली. मार्कर यांची प्रक्रिया काचेच्या भांड्यांत, तीव्र रसायनांच्या साहाय्याने घडली होती. तसे परिवर्तन घडवणारी यंत्रणा माणसाच्या शरीरात नाही. पुरुषांची ताकद वाढवण्याच्या नावाखाली मेथीच्या अर्काच्या कॅप्सुला विकल्या जातात. काही लहान चाचण्यांत थोडा फरक दिसला, काहींत दिसला नाही, आणि अनेक चाचण्यांचा खर्च अर्क बनवणाऱ्या कंपन्यांनीच केलेला आहे. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीत मेथीच्या प्रमाणित अर्कांवर प्राण्यांवरील प्रयोग झाले आहेत. ते काम पुढचा रस्ता दाखवते, पण तालुक्याच्या बाजारपेठेत मिळणाऱ्या प्रत्येक पुडीला त्याचा आधार लागू होत नाही. पुडीवर डिंकाचे, सॅपोनिनांचे प्रमाण छापलेले नसेल तर ती विकत घेण्यापेक्षा किराण्यातले दाणे दळून घेणे स्वस्त आणि अधिक खात्रीचे आहे.

बाळंतिणीला मेथीचे आणि डिंकाचे लाडू देण्याची रीत या भागात घरोघरी आहे. व्यालेल्या म्हशीलाही बाजरी, गूळ आणि मेथ्या शिजवून घालतात. दूध वाढते हा विश्वास त्यामागे आहे. माणसांवरच्या चाचण्या थोड्या, लहान आणि परस्परविरोधी आहेत, मेथीने दूध वाढतेच असे खात्रीने म्हणता येत नाही. तरी लाडू टाकाऊ ठरत नाही. तूप, गूळ, सुके खोबरे, खारीक, डिंक आणि मेथी यांच्या मिश्रणातून बाळंतिणीला लागणारी ऊर्जा, तंतू आणि काही प्रमाणात लोह मिळते. भूक मंदावलेल्या काळात ते तिच्या पोटात जाते, आणि घर तिच्या खाण्याकडे लक्ष देते. दूध टिकण्यासाठी मात्र बाळाला वारंवार अंगावर घेण्याला पर्याय नाही, आणि दूध पुरत नसेल तर लाडवांवर विसंबून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. प्रसूतीच्या आधी आईने मेथी भरपूर खाल्ली तर नवजात बाळाच्या लघवीला पाकासारखा गोड वास येतो. तो मेथीतल्या सोटोलॉन या वासद्रव्यामुळे असतो. याच वासाचा एक गंभीर आनुवंशिक आजार असल्याने डॉक्टरांची दिशाभूल झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून मेथी खाल्ल्याचे सांगणे आवश्यक.

आता पाला. शंभर ग्रॅम मेथीच्या भाजीत सुमारे ८७ ग्रॅम पाणी, साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिने, पाच-सहा मिलिग्रॅम लोह, पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, शिवाय फोलेट, क जीवनसत्त्व आणि भरपूर बीटा-कॅरोटीन असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मेथीच्या पाल्याची जागा या प्रश्नात आहे, मधुमेहात नाही. वनस्पतीतले लोह शरीर कमी शोषते, म्हणून सोबत लिंबू हवे आणि जेवणाला लागून चहा नको. कच्च्या मेथीत शेंगदाण्याचे कूट, कांदा, मीठ आणि कच्चे तेल घालून केलेला घोळाणा या दृष्टीने उत्तम, कारण शिजवताना नष्ट होणारे क जीवनसत्त्व त्यात टिकते. पण कच्ची खायची तर भाजी नीट धुतलेली हवी, आणि शेवटची फवारणी व उपटणी यांत सांगितलेले दिवस पाळलेले हवेत. महिन्याच्या पिकात हे अंतर पाळणे कठीण जाते, बाजार चढला की घाई होते. खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी ते पाळलेच पाहिजे.

आयुर्वेदात मेथिका या नावाने ती सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश निघंटूत येते. वात शमवणारी, कफ कमी करणारी, ज्वरात उपयोगी असे तिचे वर्णन आहे, आणि अळीव, कलौंजी, ओवा यांच्यासोबत ती चतुर्बीजात गणली आहे. जुन्या परंपरेचा भर पोट, वात आणि भूक यांवर आहे. युरोपीय औषध संस्थेनेही मेथीला पारंपरिक वापराच्या आधारे दोनच कामांसाठी मान्यता दिली आहे: तात्पुरती मंदावलेली भूक आणि त्वचेचा किरकोळ दाह. मधुमेह त्या यादीत नाही.

धोके मोजके पण खरे आहेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मेथ्या सुरू केल्या तर साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असणाऱ्याला मेथीचीही होऊ शकते. गरोदरपणात भाजी-आमटीतली मेथी ठीक, चमचे भरभरून पूड घेऊ नये. मोड आणताना स्वच्छता हवी. २०११ साली जर्मनीत ई-कोलाय जिवाणूंची जी मोठी साथ आली, तिचा माग इजिप्तहून आयात केलेल्या मेथीच्या बियांच्या मोडांपर्यंत लागला, आणि तीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. शेतकरी घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते: पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते, उरलेले बी स्वयंपाकात कधीही वापरू नये.

या सगळ्यातून बारामती-इंदापूरपुढे एक शेतीचा प्रश्नही उभा राहतो. दाण्यासाठी मेथी रब्बीत पेरावी लागते, चार महिने शेत अडते, फुलोऱ्यात भुरी येते. महिन्यात पैसे देणारी जुडी सोडून शेतकरी तिकडे का वळेल? साध्या बाजारभावात वळणार नाही, आणि त्याने वळावे असा उपदेश करणेही योग्य नाही. पण डिंकाचे आणि ४-हायड्रॉक्सिआयसोल्युसीनचे प्रमाण तपासून प्रमाणित केलेल्या दाण्याला निराळा भाव मिळू शकतो. कालव्याच्या कडेला अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनीही इथे आहेत. क्षारांच्या ताणाखाली काही शेंगवर्गीय वनस्पतींत ट्रायगोनेलिन वाढते असे आढळले आहे, तेव्हा मेथीचा दाणा अशा जमिनीत कसा भरतो हे तपासण्यासारखे आहे.

तपासण्याची साधने लांब नाहीत. माळेगाव खुर्दला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे, शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, माळेगाव बुद्रुकला औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे, आणि बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एकाने दाणा पिकवून पाहावा, दुसऱ्याने त्यातली द्रव्ये मोजावीत, तिसऱ्याने ज्वारी-बाजरीच्या भाकरीत दहा ग्रॅम पीठ घालून इथल्याच मधुमेहींवर नीट रचलेली चाचणी करावी. भाकरी खाणाऱ्यांवर मेथीचा परिणाम किती, हे चपाती-पावावरच्या प्रयोगांवरून गृहीत धरता येत नाही. या संस्थांनी हे काम एकत्र हाती घ्यावे, आणि निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते मराठीत छापून दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात लावावेत.